बुढीची मुनादी राहून गेली

मी कोंढ्याकडचा, नदीकाठच्या गावचा. बाप कोतवाल होता, त्याच्या मांगं मी झालो. कोतवाल म्हंजे तहसिलातून कागद आला का डफडं गळ्यात घालाचं अन् गल्लीगल्लीनं मुनादी, म्हंजे दवंडी, करत फिराचं. लस टोचनारा येनार असो का आमसभा, सारं माह्याच तोंडानं गावाले समजे. गावचा पेपर होतो मी, काय सांगू तुम्हाले, अन् त्याची घमेंड बी होती.

आता पुराचं सांगतो. एका साली हुकूम आला का नदी वाढून राहिली, लोकायले टेकाडावरच्या शाळेत न्या. मी मुनादी देल्ली, लोकं गाठोडे, कोंबड्या घेऊन गेले, एकानं तं जातं उचललं बाप्पा, अन् पानी काई आलंच नाई. मंग वर्षभर मले पाहून हासत, कोतवालाचा पूर आला रे. मी बी इरेले पेटलो. रोज सकाळी घाटावर जाऊन पायऱ्या पाहो, कोन्ती बुडली, कोन्ती उघडी हाय. पाटलाच्या रेडिओपाशी बसो. गाने संपून बातम्या लागल्या का पाटील रेडिओ बंद करे, मी म्हनो राहू द्या ना मालक.

दुसऱ्या साली पायऱ्या भराभर बुडाल्या, बातम्यात बी तेच सांगून राहिले. यावेळी हुकमाची वाट नाई पाहिली. भरदुपारी डफडं उचललं, डुकरं घुसतात म्हून सवयीनं दाराले बाहेरून कडी लावली अन् निघालो. घसा बसेपावेतो वरडलो, हासनाऱ्यायच्या पाया पडलो. सारे टेकाडावर चढले, मी सगळ्यायच्या मांगं छाती फुगवून. तठी शेजारची रुखमा, मासे धरनाऱ्या ढिवराची, म्हने, कोतवाल, तुही बुढी कोठी हाय?

माही माय ठार बहिरी. साऱ्या गावाले सांगतलं, अन् जिले ऐकू येत नाई तिच्याच दाराले कडी. डफडं गळ्यात तसंच घेऊन खाली पळालो. रुखमानं अन् तिच्या नवऱ्यानं आपला डोंगा पान्यात सोडला, मी बसलो. घरी पोचलो तं दार अर्धं पान्यात. कडी काढली तं आत बुढी धान साठवाच्या उंच ढोलीवर चढून बसली होती, कोंबडी मांडीवर. रडली नाई, शिव्या बी देल्या नाई. म्हने, साऱ्यायले बोलावलं का रे? मी मुंडी हालवली. मंग म्हने, मले नाई बोलावलं. थे मले अजून लागते जी.

तईपासून डफड्यावर भरोसा नाई ठेवला. मृग लागाच्या आंधी सारे बसवले अन् घरघर ठरवलं, कोन कोनाले हात धरून आननार, आंधळ्याले कोन, बाळंतिनीले कोन. बुढी रुखमाच्या वाट्याले. अन् एक दिस खरंच टेकाड चढून पाहाचं. लोकं कुरकुरत, पूर नाई काई नाई, कायले पाय तोडता? मी म्हनो, बहिऱ्याले वरडून सांगून पाहा मंग. बुढी पुढं बरीच वर्सं जगली अन् आपल्या खाटेवर गेली.

आता नवा कोतवाल हाय. माहेच कान गेले, जलमभर डफडं बडवल्यानं असन. औंदा पावसाळ्यात वसरीवर दोर वळत बसलो होतो, नव्या कोतवालानं पुराची मुनादी देल्ली, मले काईच आवाज नाई आला. रुखमा तं आता नाई, पर तिची सून आली, खांद्यावर हात ठेवला. बोलली नाई, बोलून फायदा बी नव्हता. मी काठी घेतली अन् तिच्या मांगं टेकाड चढलो. पानी त्या दिवशी आलं नाई, पर मी कोनाले हासलो नाई. पोरीले म्हनलं, सुखी राह्य माय, तुनं मले बोलावलं.