मधल्या मापाचा टॅबलेट

दुकानात माझ्यापुढे दोघी मायलेकी चित्रं काढायचा टॅबलेट निवडत होत्या.

"आई, मोठाच घे. जन्मभर चित्रांनी भिंती रंगवल्यास तू."

"त्या खांद्याच्या जोरावर गं. ऑपरेशन झाल्यापासून खांदा उचलतोय कुठे?"

"मग लहान घे. नुसतं मनगट हललं तरी भागेल."

"म्हणजे खांदा गेला, हे मीच कबूल करायचं?"

"डॉक्टर म्हणालेत ना, येईल हळूहळू."

"आणि नाही आला तर? मोठा टॅबलेट रोज मला वाकुल्या दाखवेल."

"बरं, हा मधला बघ. पेन धर. पार वरच्या कोपऱ्यापर्यंत रेघ ओढ."

"थांब, खांदा अडतोय."

"सावकाश ने… आई, दुखतंय का?"

"दुखतंय. पण हात पोचला गं!"

"मग हाच?"

"हाच. लवकर बांधायला सांग, माझा धीर सुटायच्या आत."