एका वेळी एक

जलाल : नेटची तार जोड, धम्मा. सकाळपासून दुकानात लोक विचारून राह्यले, ओटा काहून बंद आहे म्हणून.

धम्मरत्न : कोणते लोक? काल संध्याकाळी येऊन थुंकून गेले तेच?

जलाल : सगळे नाई थुंकले.

धम्मरत्न : नाई थुंकले ते उभं राहून मजा पाहत होते. तू बस. चहा जया थर्मासात करून गेली आहे, तो घे. पण त्या तारेले हात लावू नोको.

जलाल : मशीन तुह्या घरात आहे म्हणून काय झालं. ओटा दोघांचा आहे. शहाण्णव साली गावानं फोनवरून लिहा-वाचाचा हा कम्प्युटरचा फलक दोघांनी मिळून काढला, मोडेम माह्याच क्लासमधून आलतं.

धम्मरत्न : तवा दोघांचा होता. तवा तुले विचारल्याशिवाय मी एक ओळ बदलली नाई, अन् मले विचारल्याशिवाय तू. यंदा इतक्या वर्षांनी मी तो नेटवर परत चालू केला, तर तू काय केलं? मी पुसदले साळ्याकडे गेलतो, अन् माह्या मांगून एका वेळी आत येणाऱ्या एकाचे तू पन्नास करून ठेवले.

जलाल : पासवर्ड तूच देल्ला होता.

धम्मरत्न : बंद पडलं तर चालू कराले देल्ला होता. दाराची चौकट काढून न्याले नाई.

जलाल : अरे, मंग काय करू? कोणी येतच नव्हतं. आठव ना जरा. पहिल्या हप्त्यात तू माह्या दुकानात कसा आलता? जलाल, शंभराच्या वर लोक येऊन गेले म्हणे. गिऱ्हाईकासमोर पेढे वाटले तू. अन् मी आत जाऊन पाह्यलं तर माणूस एक नाई. कुठल्या कुठल्या मुलखातल्या मशिनी, येऊन येऊन पासवर्डचा अंदाज लावून राह्यल्या. अॅडमिन, रूट, एक-दोन-तीन-चार. तुहं तोंड पाहवत नव्हतं त्या दिवशी.

धम्मरत्न : त्याचा बंदोबस्त केला ना मंग.

जलाल : केला. मंग माणसं आली, तर मोबाईलवर अक्षरं फुटून राह्यली. वेलांटी एकीकडं, अक्षर एकीकडं. तुहा जुना विद्यार्थी पूनमसिंग म्हणे, सर, हे मराठी आहे का कोंबडीचे पाय? ते तू सुधारलं. तर म्हणे आत कसं घुसाचं तेच समजत नाई. म्हणून मी व्हॉट्सअॅपवर ग्रुप काढला, ओटा मदत केंद्र. अन् झालं काय? ओट्यावर चिटपाखरू नाई, अन् मदत केंद्रात अर्धं दिग्रस गुड मॉर्निंग टाकून राह्यलं.

धम्मरत्न : हसू नोको.

जलाल : हसून नाई राह्यलो, खुदा कसम. मले वाईट वाटे. उन्हाळाभर तू या खोलीत बसला. बाहेर लू चालून राह्यली, कूलर बिघडेल, अन् रिटायर्ड मास्तर गमछा डोक्यावर घेऊन जुना डबा खोलून बसला. जयावहिनी मले रस्त्यात थांबवून विचारे, भाऊ, यांचं डोकं ठीक आहे ना? तुह्यासाठीच पन्नास केले मी. ओटा भरला पाहिजे म्हणून.

धम्मरत्न : मले ओटा भराचा नव्हता. तेच तुले समजून नाई राह्यलं. गिऱ्हाईक नाई म्हणून मी एक जागा ठेवली असं वाटते तुले?

जलाल : मंग कायले ठेवली?

धम्मरत्न : तवा आपल्याजोळ फोनची लाईन एकच होती, म्हणून एका वेळी एकच जण येऊ शके. त्यानं घरच्या कम्प्युटरवरून फोन लावाचा, वाचाचं, लिहाचं, फोन ठेवाचा. मंग दुसऱ्याचा नंबर. मले तवा वाटे, ही आपली गरिबी आहे. ते बँकेतले कॅशियर आठवते तुले? त्यांनी काहीतरी लिहिलं होतं, अन् तू तापला होता.

जलाल : हाव. दुपारभर फोन लावत बसलो. लाईन एंगेज.

धम्मरत्न : अन् संध्याकाळी लागली तवा काय लिहिलं तू?

जलाल : कॅशियरसाहेब, तुमचं अर्धं खरं आहे म्हनलं.

धम्मरत्न : दुपारी लागली असती तर?

जलाल : दुपारी लागली असती तर त्याच्या खानदानापर्यंत गेलो असतो.

धम्मरत्न : तेवढंच म्हणून राह्यलो मी. त्या एंगेजनं आपल्याले माणसात ठेवलं. पोरगी पुण्याहून सांगे, बाबा, साधी वेबसाईट करून देते, लाखो लोक येतीन. मले लाख नाई पाहिजेत. मले थांबणारे पाहिजेत.

जलाल : आता थांबते कोण, सांग ना. 'आत कोणी आहे, थोड्या वेळानं या' असं पाह्यलं की पोट्टे परत फिरकत नाईत.

धम्मरत्न : शीला सिस्टर थांबल्या. देवीलाल थांबला.

जलाल : दोन माणसं.

धम्मरत्न : दोनच. पण कोणती दोन? बसस्टँडचा रस्ता रुंद कराची गोष्ट निघाली तवा व्हॉट्सअॅपवर काय तमाशा झाला, तू पाह्यला. दुकानवाले एकीकडं, बाकी गाव एकीकडं. हंसाबाईच्या पोराच्या लग्नात पंगतीसुद्धा वेगळ्या बसल्या. मी स्वतः गेलो दोघांच्या दारी. सिस्टर म्हणे, मले काही लिहाचं नाई, मी दवाखान्याची माणूस, नोकरी आहे माही. किती दिवस गेले त्यात. मंग एका दुपारी त्यांनी लिहिलं.

जलाल : वाचलं मी ते.

धम्मरत्न : वाचलं असतं तर पन्नास केले नसते. काही वर्षांमागची गोष्ट, बाळंतपणाची बाई दवाखान्याच्या गाडीत होती, यवतमाळले न्याची होती. बसस्टँडपाशी गाडी अडली. एकीकडं एसटी, दुसरीकडं दुकानांच्या पायऱ्या थेट नालीच्या पार रस्त्यावर. सिस्टरनं तिथंच गाडीत बाळंतपण केलं. बाई वाचली, लेकरू गेलं. कोणाचं नाव नाई, कोणाले दोष नाई. जे झालं ते लिहिलं. अन् देवीलालची दुकान तिथंच. पाईप-तोट्या विकणारा माणूस, आयुष्यात चिठ्ठीशिवाय काही लिहिलं नसन त्यानं. दोन दिवस तो आत येऊन फक्त वाचून जात होता, मले दिसे. तिसऱ्या दिवशी लिहिलं. सायरन मी ऐकला होता म्हणे. गिऱ्हाईकाले तोटी दाखवून राह्यलो होतो. वाटलं, जाईल गाडी.

जलाल : म्हणूनच तर, धम्मा.

धम्मरत्न : म्हणूनच काय?

जलाल : ते वाचून मी दुकानाचं शटर अर्धं ओढून घेतलं. मले वाटलं, हे गावानं वाचलं पाहिजे. सगळ्यांनी. तुह्या त्या एकाएकाच्या हिशोबानं गाव कवा वाचणार? म्हणून मी पन्नास केले अन् मदत केंद्रावर टाकलं, या, वाचा, म्हणून. नेक इरादा होता माहा.

धम्मरत्न : इरादा ठीक होता. ते एका झुंडीनं आले. पहिल्यानं विचारलं, हे लिहाले सिस्टरले कोणी सांगतलं. दुसऱ्यानं लिहिलं, रस्त्याचं निमित्त आहे, लेकरू यांच्याच हलगर्जीनं गेलं. मंग त्याच्यावर अंगठे अन् हसणारी तोंडं. ओट्यावर हसणारी तोंडं टाकता येत नाईत, तर त्यांनी कंस अन् टिंबं जोडून बनवली. इतकी मेहनत. मी पुसदच्या गाडीतून उतरून घरी आलो, पडदा पाह्यला, अन् पुढचं वाचवलं नाई. सकाळी उठल्या उठल्या तार काढली.

जलाल : मी मिटवत होतो ना एकेक.

धम्मरत्न : तू मिटवेपर्यंत फोटो काढून ते परत व्हॉट्सअॅपवर गेलं. दार वाजून राह्यलं, पाह.

(शीला दारात. खांद्याला पर्स, अंगावर ड्युटीचा पांढरा कोट तसाच.)

शीला : येऊ का सर? जलालभाई, तुमीही आहात, बरं झालं. मी बसाले नाई आली. माहं लिहिलेलं काढून टाका, एवढंच सांगाले आली.

धम्मरत्न : बसा सिस्टर. पाणी घ्या.

शीला : दवाखान्यात मोठ्या साहेबांनी बोलावलं होतं. मोबाईल समोर धरला अन् विचारलं, हे तुमीच लिहिलं का. मी हाव म्हनलं. पेशंटचं नाव नव्हतं म्हणून समज देऊन सोडलं. त्याचं मले काही नाई, समज लय वेळा खाल्ली आहे. पण सकाळी त्या बाईच्या नवऱ्याचा फोन आला.

जलाल : काय म्हणे?

शीला : ताई, लोक म्हणून राह्यले ते खरं आहे का, म्हणे. तो माणूस त्या दिवशी गाडीत होता, जलालभाई. बायकोचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता. मी काय केलं अन् काय नाई, त्यानं डोळ्यानं पाह्यलं. नंतर नेरले माह्या माहेरापर्यंत येऊन मले साडी देऊन गेला. तरी त्यानं विचारलं.

जलाल : सिस्टर, चूक माही आहे. सरांची नाई. एका वेळी एक जण यायचा, तो हिशोब मी मोडला. तुमी काय म्हणसान ते मी...

शीला : तुमी काय करसान? घरोघरी जाऊन सांगसान?

जलाल : सांगीन.

शीला : नोको. त्याच्यानं अजून चार जणांले माहीत होईन. मी कोणावर रागवून नाई आली. दमली मी. सर, तुमी माह्या घरी आलते तवा म्हनले होते, इथं माणूस समोरच्याचं पुरं वाचते, मंग लिहिते. मले ते पटलं होतं. इतक्या वर्षात मी ते कोणाजोळ बोलली नव्हती. नवऱ्याजोळही नाई. आता ते काढा.

धम्मरत्न : काढतो. तुमच्यासमोर काढतो. जलाल, नेटची तार नोको जोडू, नुसती मशीन चालू कर. सिस्टर, इकडं या खुर्चीवर. तुमचं तुमीच काढा. मी हात नाई लावत.

शीला : कुठं आहे?

धम्मरत्न : वरून तिसरं. 'बसस्टँडचा रस्ता' लिहिलं आहे. आकडा दाबा. खाली खाली जाल तर ते सगळं घाण दिसन, ते वाचू नोका. तुमचं पहिलंच आहे.

शीला : वाचलं आहे मी ते. साहेबांनी फोटो दाखवले ना. किती आहे हे... संपतच नाई.

जलाल : वर जा सिस्टर, तुमचं वर आहे.

शीला : थांबा. सगळ्यात शेवटी देवीलालभाऊंचं काहीतरी आहे.

धम्मरत्न : शेवटी? त्याचं तर वर होतं, तोटीचं.

शीला : हे दुसरं. आज सकाळचं.

जलाल : धम्मा, तू तार काढाच्या आधी आला असन तो. दुकान उघडाच्या पहिले अन् बंद केल्यावर येतो म्हणे तो नेहमी.

धम्मरत्न : मी शेवटपर्यंत वाचलंच नाई. रागात ओढली तार. काय लिहिलं आहे?

शीला : सिस्टर, रात्री इथं जे झालं ते मी आत्ता वाचलं. मले त्यांच्यासारखं लिहिता येत नाई. रस्ता नगरपालिका करन तवा करन, मी तवाही भांडीन, दुकान माह्या बापाची आहे. पण समोरच्या पायऱ्या माह्या आहेत. त्या मी आज फोडून राह्यलो. बाजूच्या धावजीलेही विचारलं, तो सध्या नाई म्हणे. माह्या पुरती तरी गाडी निघन.

जलाल : या अल्ला.

धम्मरत्न : अजून आहे का?

शीला : नाई. खाली नाव आहे फक्त. देवीलाल, नळवाले.

जलाल : मी येताना तिथवर आलतो. घणाचा आवाज येऊन राह्यला होता. मी मोटारसायकल वळवून दुसऱ्या गल्लीनं आलो, धूळ नोको म्हणून.

धम्मरत्न : सिस्टर, घाई नाई. तुमाले वाटत असन तर तुमचं राहू द्या. मी बाकीचं सगळं काढतो, फक्त तुमचं अन् त्याचं ठेवतो.

शीला : नाई सर. माहं काढते. त्या बाईचा नवरा उद्या कोणाच्या मोबाईलवर परत ते पाहीन, ते मले नोको. हे बटन ना? गेलं का?

धम्मरत्न : गेलं.

जलाल : पण मंग देवीलालचं कोणाले समजन? पायऱ्या कायले फोडल्या, कोणाची गाडी, वाचणाऱ्याले काही पत्ताच लागणार नाई.

शीला : न का लागो. मले अन् त्यांले माहीत आहे. सर, त्यांचं मात्र काढू नोका.

धम्मरत्न : नाई काढत. उत्तर लिहिता का त्याले?

शीला : इथं नाई लिहीत आता. घरी जाताना दुकानावरून जाते, तोंडानंच बोलते. येते मी. जलालभाई, एवढं तोंड पाडून बसू नोका. चहा घ्या, थंड होऊन राह्यला.

जलाल : खुदा हाफिज, सिस्टर... गेल्या. घे, धम्मा. तुहे थांबणारे दोन होते, त्यातला एक गेला. माह्या हातानं गेला.

धम्मरत्न : हाव. तुह्याच हातानं गेला. मी खोटं कायले बोलू?

जलाल : पन्नासाचे परत एक करून देतो. अन् मदत केंद्र बंद करतो.

धम्मरत्न : ते तर करच.

जलाल : अन् मशीन? बंद करू का?

धम्मरत्न : देवीलाल संध्याकाळी येईन, त्याचं लिहिलेलं राह्यलं का नाई ते पाहाले. तार जोड.