भिसे खिंडीत अडलेले पाहुणे

...आणि वर म्हणतात, जगनचं चुकलं! अहो, कसं चुकलं? तुम्हाला सांगतो, त्या दिवशी रोह्याजवळच्या भिसे खिंडीतून सायकलींची मोठी शर्यत, देशोदेशीचे सायकलवाले, आणि उतार असा, की सायकल नाय, गोफणीतला दगड! म्हणून वळणावळणावर गावातला एकेक माणूस, आणि सगळ्यात वाईट वळण जगनच्या वाट्याला. शर्यतीच्या साहेबांनी झेंडा दिला, बजावलं, "शेवटची सायकल जाईस्तोवर जागा सोडायची नाय. कोणी आडवं आलं तर माणूस मरेल!"

शर्यत आठला. जगनच्या पोरीला, भूमिकाला, बघायला जोह्याचे पाहुणे अकराला. जगन म्हणाला, नऊला घरी! आणि शर्यत निघाली दहाला... आता जगननं करायचं काय?

साडेदहाला गाडी आली. जगन ओरडला, "रोड बंद हाय!" काच खाली झाली... आत कोण? नवरामुलगा प्रणित आणि त्याची आई, रंभाबाई!

"अहो, आम्ही तुमच्याकडंच आलोय!"

"व्हय, पण रोड बंद हाय."

"पोरगी द्यायची नाय तर सरळ सांगा की!"

जगन हात जोडून एक पाऊल पुढं सरकला मात्र, सूंऽऽऽ! कानाला वारा लावून सायकल गेली. जगन परत जागेवर. आता करायचं काय?

बायकोला फोन लावला. चंद्रावती कडाडली, "तुमी अडवलंत? तुमी?" आणि निघाली की! भूमिकाला घेऊन, पोह्यांचा डबा, चहाचा थर्मास, रानातल्या पायवाटेनं थेट वर. पाहुणे बसले कठड्यावर. जगन पन्नास पावलांवर, झेंडा धरून. प्रणित काहीतरी विचारतोय, भूमिका हसतेय, रंभाबाई मान हलवतेय... होय म्हणून, का नाय म्हणून? ऐकू येईल तर शपथ! मध्येच सूंऽऽऽ... जगननं करायचं काय?

दुपारी एकला शेवटचा सायकलवाला धापा टाकत गेला. जगन धावला, तोवर गाडी जोह्याकडं वळलेली.

"काय झालं गो? मोडलं?"

"ठरलं. पंधरवड्यात साखरपुडा."

"आणि मला नाय विचारलंत? मी बाप हाय तिचा!"

चंद्रावती शांतपणे म्हणाली, "आपल्या लग्नात माझ्या बापाला कोणी विचारलं होतं? विचारलं असतं, तर तुमाला पोरगी दिली असती त्यानं?"

...घ्या! आता यावर माणसानं बोलायचं काय?