गेला म्हणजे पोचला नव्हे

ताई : परवा मी स्वतः ऑफिसच्या फॅक्स मशीनमध्ये कागद घातले. पडद्यावर आलं, ‘पाठवले’. मग हॉस्पिटल आज कसं म्हणतं, तुमचे रिपोर्ट आलेच नाहीत?

नेटवर्कवाले : ताई, आधी बसा. पाणी घ्या.

ताई : पाणी कसलं घेऊ! फॅक्स शोधा आधी. दुपारी डॉक्टरांची बैठक आहे. माझे रिपोर्ट नसले तर दादाचं ऑपरेशन पुढे ढकलतील, आणि त्याच्यात आता तेवढा दम नाही हो.

नेटवर्कवाले : किडनी तुम्ही देताय?

ताई : मग कोण देणार? सख्खी बहीण मी एकटीच. सकाळी वहिनींचा फोन. म्हणाल्या, “वन्सं, मन बदललं असेल तर तसं सांगा, आम्ही राग नाही मानणार.” काळजाला घरं पडली माझ्या.

नेटवर्कवाले : सापडला. सर्व्हरवरच अडकलाय. नंबर फिरवून फिरवून शेवटी नाद सोडला त्याने.

ताई : म्हणजे मशीन धडधडीत खोटं बोललं?

नेटवर्कवाले : अर्धंच बोललं. हे मशीन आता नुसतं कागदाचं चित्र काढतं आणि सर्व्हरच्या हवाली करतं. ‘पाठवले’ म्हणजे तिथवर. पुढचा फोन सर्व्हरने लावायचा.

ताई : जुनं मशीन बरं होतं बाई. बोंब मारून सांगायचं तरी.

नेटवर्कवाले : नंबर कसा टाकलात?

ताई : नेहमीसारखा. आधी शून्य, मग नंबर. शून्याशिवाय बाहेरची लाइन मिळते का कधी?

नेटवर्कवाले : तिथेच घोळ झाला. शून्य आता सर्व्हर आपणहून लावतो. एक तुमचं, एक त्याचं, दोन शून्यांनी नंबरच चुकला.

ताई : अगं बाई! आणि कुणी सांगायचं नाही?

नेटवर्कवाले : फॅक्स गेला नाही हे सर्व्हरने कळवलं होतं, पण जुन्या साहेबांच्या मेलवर. ते बदलून गेले, पत्ता आम्ही तसाच ठेवला.

ताई : धन्य आहे तुमची! बरं, आता कागद परत घालू?

नेटवर्कवाले : नको, चित्र आहे माझ्याकडे. तुमचं शून्य काढलं... लागली लाइन. पहिलं पान जातंय... दुसरं... गेला, ताई.

ताई : ‘गेला’वर माझा विश्वास नाही आता. पोचला का, ते सांगा.

नेटवर्कवाले : पोचला. सगळी पानं मिळाल्याचं तिकडच्या मशीनचं उत्तरही आलं, हे बघा. अहो, रडताय काय? फोन करा भावाला.

(ताई फोन लावते.)

ताई : दादा? रिपोर्ट पोचले रे आत्ता. इथल्या मशीनचा घोळ होता. मी मागे हटले नव्हते, तुझी शपथ.

दादा : ठाऊक आहे गं मला. वहिनीचं मनावर घेऊ नकोस, ती फार घाबरलीय.

ताई : आणि तू?

दादा : खरं सांगू? रिपोर्ट आले नाहीत ऐकलं आणि मला हायसं वाटलं. म्हटलं, सुटली आमची ठमी.

ताई : गप्प बैस. ठमी म्हणणारा तू एकटाच उरलायस रे मला.