नदीपलीकडच्या गोळ्या

"सत्तरी उलटली माझी, आणि मला एकवीस वर्षं पूर्ण झाली का, हे बघणार ही दुकानवाली!"

जॉर्जियातल्या पेट्रोलपंपावरच्या दुकानात माझ्यापुढे नवरा-बायको उभे होते, अलाबामातून नदी ओलांडून आलेले.

"इथला कायदाच आहे तो, वर्लन. दाखव लायसन्स. फोटोत बरा दिसतोस."

"आपल्याकडे दुखणं विसरवणाऱ्या त्या क्रॅटमच्या झाडाचं साधं पानही बंद, म्हणून एवढं ऐकून घ्यायचं. बाई, गुडघ्यासाठी त्या नेहमीच्या गोळ्या द्या."

"गोळ्या गेल्या, काका. पानाचा अर्क काढून कडक केलेलं काही आता इथे जॉर्जियातही चालत नाही. नुसत्या पानाची पूड आहे."

"पूड? गवत कापायचं यंत्र चाटल्यासारखी लागते ती!"

"गुडघ्याला कुठे चव कळते? घे की."

"नको. पूड नाही लागू पडत. फ्लोरिडात जाऊ."

"तिथेही बंद झाल्या, काका."

"मग त्याच्या पुढे जाऊ."

"फ्लोरिडाच्या पुढे समुद्र आहे, वर्लन."

वर्लन गुडघा चोळू लागला.

"आणि परवा भाचीच्या लग्नात त्याच गुडघ्यावर नाचत होतास. मलाच दम लागला."

मागे आम्ही चौघे होतो. कुणीही घड्याळ पाहिलं नाही.

"गुडघा नाही गं दुखत, ओडेसा. केव्हाच थांबलाय. गोळी नसली की मलाच राहवत नाही."

"हं. गाडीची किल्ली दे इकडे. बाई, उकडलेल्या शेंगा द्या, मोठा पेला भरून. डॉक्टरकडे बसावं लागेल आम्हाला, वेळ जायला हव्यात."