मानाच्या शालींची गोधडी

दौंडचा एक आवाज मला अजून ऐकू येतो. माझं लहानपण तिथल्या रेल्वे कॉलनीत गेलं. इंजिन मागं येऊन मालगाडीला लागलं, की पहिल्या डब्याला धक्का बसायचा. तो दुसऱ्याला द्यायचा, दुसरा तिसऱ्याला. खडाड्... खडाड्... खडाड्... पार शेवटच्या डब्यापर्यंत. मी अंथरुणात पडून ऐकत राहायचो. शेवटच्या डब्याला कसं कळतं, पुढं काय झालं ते? कळतं. जोडलेलं असलं, की कळतं.

मंडळी, तळेगावच्या या शाळेच्या हॉलमध्ये तुम्ही हातातली कामं टाकून आलात. काही जण कारेगावची शिफ्ट संपवून, अंगावरच्या युनिफॉर्मनिशी आलात. मी जन्मभर वर्गापुढं उभा राहून बोललो. पण आपल्याच विद्यार्थिनीच्या फोटोला हार घालून काय बोलायचं, ते मला येत नाही. अडखळलो, तर सांभाळून घ्या.

आपली ऋतुजा पाचवीत माझ्या वर्गात होती. एका कवितेत बर्फाचे डोंगर होते. मी डोळे मिटून चालीवर म्हणत होतो. हिनं हात वर केला.

"गुरुजी, तिथल्या पोरास्नी पांघराय कोण देतं?"

सगळा वर्ग हसला. मी म्हणालो, "बाळ, ती कविता आहे."

"मग कवितेतल्या पोरास्नी थंडी वाजत न्हाई व्हय?"

मी पुढचं कडवं म्हणायला घेतलं. उत्तर तिनं मोठं झाल्यावर स्वतःच शोधलं.

शिकून ती कारेगावच्या एका कारखान्यात क्वालिटीला लागली. तिथल्या कँटीनचा आचारी मनबहादूर. तो बघा, मागच्या खांबापाशी उभा आहे. मागच्या वर्षी नेपाळात भूकंप झाला आणि याचं गाव पडलं. म्हातारी माणसं, लेकरं, सगळी ताडपत्रीखाली. वर हिवाळा तोंडावर आलेला. ऋतुजानं मित्रमैत्रिणी जमवल्या आणि मदतीचा डबा घेऊन आठवडे बाजारात उभी राहिली. लोक विचारायचे, "नेपाळ कुठं, आपुन कुठं?" ती म्हणायची, "मामा, आपल्या पोटात जाणारा भात नेपाळच्या हातचा हाय. आता सांगा, कुठं हाय नेपाळ?"

मग तिच्या डोक्यात शालींचं आलं. आपल्याकडं सत्काराला काय तोटा? सोसायटीवर निवडून आला, शाल. पोरगी पोलीस भरती झाली, शाल. मी रिटायर झालो तेव्हा तर एकीवर एक इतक्या घातल्या, की फोटोत मी दिसतच नाही, नुसता चष्मा दिसतो. या सगळ्या शाली कपाटात डांबरगोळ्यांच्या वासात पडून असतात. पोरांनी दारोदार हिंडून त्या मागितल्या. हा एवढा ढीग झाला. मोठ्या ऐटीत त्यांनी तो मनबहादूरपुढं ठेवला. त्यानं एक शाल उजेडापुढं धरली. पलीकडचं सगळं दिसत होतं. बिचारा अवघडून म्हणाला, "दीदी, इसमें तो मच्छर को भी ठंड लगेगी."

पोरांची तोंडं उतरली. ऋतुजा मात्र पोट धरून हसली. "बघा गुरुजी, मान लय मिळाला आपल्या गावाला. ऊब काय मिळाली न्हाई."

आणि दुसऱ्या दिवशी ती आयाबायांच्या दारात गेली. वरून शाल, खालून शाल, आत जुनी लुगडी, धोतरं, चादरी. घाला गोधडी! याच हॉलमध्ये सतरंज्या पसरून तुम्ही बसलात. पोरं सुया ओवून द्यायची. कुणाची तरी कुजबूज मी ऐकली, "उपसरपंचाच्या शालीवर सरपंचाची शाल आली गं, आता तरी एकीनं ऱ्हातील." पहिला गठ्ठा दौंडच्या फलाटावर पोरांनी खांद्यावरून नेला. गोरखपूरपर्यंत रेल्वे, पुढं मनबहादूरचं गाव. तिथून फोटो आला. एक आजी, अंगावर गोधडी, आणि उन्हात चमकणारी आपली जर. कवितेतल्या डोंगराला पांघरूण मिळालं, मंडळी.

घरं अजून उभी राहिली नाहीत. म्हणून यंदा दुसरा गठ्ठा. शाली जमल्या, पण आत घालायचं कापड संपलं. ते गोळा करता करता तिला ताप आला. साधा ताप. आणि आपली ऋतुजा गेली.

अर्ध्या गोधड्या त्या कोपऱ्यात आहेत. परवा मनबहादूरची गाडी आहे. आणि काल पोरं येऊन मला म्हणाली, "गुरुजी, ताई न्हाई, आता बास. हात चालत न्हाईत."

पोरांनो, मी म्हातारा आहे, स्वप्नाळू आहे, तुम्ही मागं मला हसता तेही मला माहीत आहे. पण हे खात्रीनं सांगतो. हात चालतील. धक्का शेवटच्या डब्यापर्यंत जातो, मग पहिला डबा कुठं का असेना.

आज इथं तिचे वडील, आप्पा, नाहीत. दहाव्यापासून त्यांनी उंबरा ओलांडलेला नाही. शिवाय हे काम त्यांना कधी पटलं नव्हतं. सोसायटीचे चेअरमन झाले तेव्हाची शाल त्यांनी लेकीलासुद्धा दिली नाही. "मानाची शाल परमुलखात धाडू व्हय?" म्हणाले. ती म्हणाली, "आप्पा, कपाटात तिलाबी गारठाच वाजतोय." बापलेकीचं त्यावरून बोलणं तुटलं होतं. मी त्यांना दोष देत नाही. तुम्हीही देऊ नका.

आता आपण उभं राहू. ऋतुजासाठी थोडा वेळ गप्प राहू. आणि त्यानंतर कुणी लगेच घरी जाऊ नका, सुया इथंच आहेत...

थांबा. दारात कोण आहे? वाट द्या जरा.

आप्पा?

या, आप्पा, या. पोरांनो, त्यांच्या डोक्यावरचं गाठोडं धरा. ही खांद्यावर... ही तीच शाल ना? आणि गाठोड्यात काय आहे?

मंडळी, मागं ऐकू गेलं नसेल, मी सांगतो. लेक गेली म्हणून सोयऱ्यांनी आणलेली दुखवट्याची लुगडी आहेत. टॉवेल आहेत. धोतरं आहेत. सगळी कोरी. आप्पा विचारतायत,

"गुरुजी, ह्ये आत घालाय चालंल का?"