वीरण्णाचा डावा हात

...अहो, चेंडूच देईना तो माणूस! तुम्हाला सांगतो, वीस दिवस! मी वीरण्णा, उदगीरचा लोखंडवाला, गोल्फ शिकायला गेलो अन् वीस दिवस नुसती हवा झोडपून राहिलो!

आता तुम्ही म्हणाल, उदगिरात कुठलं आलं गोल्फ? बरोबर हाय. पण दिवाळीत मला लकवा मारला, डावी बाजू. पाय सुधारला, हात मात्र... हात हाय, पण माझा न्हाई! गरम चहा बोटांवर सांडला तरी कळंना, आमची बायको गुरम्मा वरडली तवा कळलं! डॉक्टर म्हणले, रबरी चेंडू दाबा. दाबला, चार महिने. कंटाळलो हो! मग आमच्या गल्लीतले सुभेदार नरसिंगराव, फौजेत साहेबलोकांना गोल्फ शिकवून रिटायर झालेले, म्हणले, "अण्णा, सकाळी माझ्या रानात या."

गेलो. पहिला आठवडा पाय जुळवून उभं राहायचं, गोल्फची काठी या गुडघ्यापासून त्या गुडघ्यापर्यंत फिरवायची. मी म्हणलं, "सुभेदार, चेंडू?" "मिळल, अण्णा. जोर लावू नका." दुसरा आठवडा कमरेपर्यंत, काखेत टॉवेल दाबून, टॉवेल पडला की पुन्हा पहिल्यापासून! "चेंडू?" "मिळल. जोर लावू नका." अहो, जोर हाय कुठं माझ्यापाशी लावायला? अन् घरी गुरम्मा, "लोक म्हणून राहिलेत, वीरण्णाचं डोकं बी गेलं! वाऱ्याशी भांडतेत म्हणं काठी घेऊन!"

तिसऱ्या आठवड्यात म्हणले, "डोळे झाका. डावा हात काठीवर ठिवा, हलवतो मी. काठीचं डोकं, ते खालचं लोखंड, कुठं हाय, तेवढं सांगा." काय सांगू, कप्पाळ? मी खाली म्हणलं की ते वर! पण विसाव्या दिवशी... मनगटातून काईतरी जड सरकलं हो, अन् तोंडातून निघून गेलं, "कमरेपाशी." सुभेदारांनी काठी सरकवली. "आता?" "खांद्याच्या वर." "आता?" "माघारी येऊन राहिलं, सुभेदार, माघारी येऊन राहिलं!" एवढे महिने हाक मारून राहिलो त्या हाताला, अन् त्यानं ओ दिली! लेकरावानी रडलो, खोटं कशाला बोलू?

दुसऱ्या दिवशी ठिवला की चेंडू गवतावर! "अण्णा, जोर..." "न्हाई लावत हो!" फिरवली काठी. टक्! एवढासा आवाज. हाताला दणका न्हाई, काई न्हाई, अन् चेंडू... उसावरून, बोरीवरून, वर, अजून वर... खाली यायचं नावच न्हाई! सुभेदारांनी टोपी काढून हातात घेतली.

अन् त्यानंतर? दोन महिने झाले, रोज पन्नास चेंडू मारून राहिलो, तसा दुसरा न्हाई! एक बांधाला, एक चिखलात. काल तर चेंडू जागच्या जागी, हातातली काठीच सुटून विहिरीत! सुभेदारांनी वाकून बघितलं, अन् शांतपणे म्हणले, "अण्णा, काठी मात्र चांगली गेली."